ताणा नाही

तिरुपतीअन्नाने सिंगापूरहून डबा पाठवला,
सुट्टीवर आलेल्या पोराच्या हाती, विडी घरकुलात, थेट दारात.
आत लाल मखमल. मखमलीत सहा घरटी,
फिकट, फुटक्या करवंटीच्या तुकड्याएवढी,
खळ देऊन वाळवलेल्या सुतासारखी कडक.

फोनवर म्हणाला, नान्नांना दे, छातीसाठी.
इथल्या म्हाताऱ्या खोकल्यावर हेच घेतात, बाळंतिणी घेतात,
आमच्या सुपरवायझरबाईची आजी नव्वदीला टेकली,
रोज सकाळी एक वाटी.
समुद्राकाठच्या गुहेत पाकोळ्या असतात.
काडी नाही, कापूस नाही,
तोंडातून लाळेचा धागा काढतात आणि बांधतात.

अम्माने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.
"उम्मि?"
थुंकी तेलुगूत जास्त ओली वाटते.
"पाखराचं उष्टं? आणि एवढ्या पैशाला?"

नान्ना खाटेवर उठून बसले.
बत्तीस वर्षं यंत्रमाग,
आता रात्रभर छातीतला कापूस पिंजतात.
एक घरटं त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरलं,
नखाने कड चाचपली, धाग्याचं टोक शोधलं,
सापडलं नाही.
"ताणा नाही," म्हणाले.
"नुसता बाणाच. तरी उभं राहिलंय बघ."

मग बोलत राहिले, मला नाही, त्या घरट्याशी:
कांडी संपली की नवी घालायची,
धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं
आणि धागा आत ओढायचा, श्वासानं,
पाळीला दोनशेदा.
धाग्याबरोबर जे यायचं ते यायचं.
"माझी थुंकी लागलेल्या चादरी
लोकांनी लग्नात आहेर म्हणून दिल्या.
उष्टं कोण म्हणालं?"

रात्री भिजत घातलं.
पानं भिजवायचं पातेलं अम्माने दिलं नाही,
त्याला तंबाखूचा वास.
पाहुण्यांसाठीचा स्टीलचा डबा काढला.
सकाळी घरटं सुटलेलं, शेवयांसारखं सैल,
आणि तळाला एक पीस,
पापणीच्या केसाएवढं.
अम्माने ते सुईने उचललं,
केरात टाकवेना तिला,
विड्यांच्या दोऱ्याच्या रिळाशेजारी ठेवलं.

इडलीपात्रात वाफवलं, खडीसाखर घालून,
अन्नाने सांगितलं तसं, घड्याळ लावून.
एप्रिल. आठ वाजताच पत्रा तडतडायला लागलेला.
शेजारची नरसम्मा डोकावली,
वास कसला येतोय तेच तिला कळेना,
कारण वासच नव्हता.

नान्नांनी दोन चमचे खाल्ले.
आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, ते भिंतीकडे.
"कसं लागतं?"
"कसलंच नाही."
जरा थांबून,
"थोडी शेंगाचटणी दे की."

रात्री अन्नाचा फोन. फरक पडला का?
नान्नांनी फोन उशीखाली दाबला,
पोटभर खोकून घेतलं,
पुन्हा कानाला लावला.
"पडला की."
मग त्यांनीच विचारलं,
घरटं काढून नेल्यावर ते पाखरू काय करतं रे?
"पुन्हा बांधतं, नान्ना."
"तेवढ्याच लाळेत?"
तिकडे लोखंडावर लोखंड वाजत होतं.
दिवसपाळीला जोडून रात्रपाळी होती त्याची.
बराच वेळ दोघंही
पैसे जाळत नुसते ऐकत राहिले.

पाच शिजवली. सहावं ते शिजवू देत नाहीत.
बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेल्या धोट्याशेजारी
फळीवर असतं.
कुणी विचारलं तर सांगतात,
"थोरल्याचं आहे."

पुढच्या महिन्यात डबा आला, आता बाराचा.
अम्माने विड्यांच्या हिशेबाचं कार्ड पालथं केलं,
मागच्या कोऱ्या बाजूला भागाकार मांडला,
एक घरटं, किती हजार विड्या,
ओठ हलवत दोनदा तपासला.
उत्तर सांगितलं नाही.
उठली आणि
पाणी भिजत घालायला ठेवलं.